‘पुढील स्टेशन मुलुंड’ ही बडबड नाही

ताई,

मी पंचवीस वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते. मानसशास्त्रात बीए केलं आणि गेली तीन वर्षं घाटकोपरच्या एका थेरपी सेंटरमध्ये आहे. सकाळी एका शाळेत शॅडो टीचर, म्हणजे वर्गात एका मुलाच्या शेजारी बसून त्याला मदत करणारी, दुपारनंतर सेंटरवर सेशन्स. ऑटिस्टिक मुलांबरोबरच काम करायचं, हे पक्कं आहे. आता बिहेवियर ॲनालिसिसमध्ये, म्हणजे वागण्यामागचं कारण शोधून ते बदलण्याच्या शास्त्रात, मास्टर्स करावं असं वाटतं. आमच्या सेंटरवरची थेरपी त्यावरच चालते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळण्यासारखा आहे. बाबा महापालिकेतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, राहतं घर तारण ठेवू, पण तू जा. शिकून परत यायचं आणि डोंबिवलीतच मराठी घरांतल्या मुलांसाठी काहीतरी उभं करायचं, असं माझ्या मनात आहे.

पण दोन महिन्यांपासून एक गोष्ट छळते आहे. सहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येतो, राहतो मुलुंडला. सेशन चालू असताना मध्येच तो ‘पुढील स्टेशन मुलुंड’ म्हणायला लागतो, लोकलमधल्या बाईच्या आवाजात, हुबेहूब. मला सांगितलंय की ही निरर्थक बडबड आहे, लक्ष द्यायचं नाही, डेटा शीटवर फक्त किती वेळा म्हणाला ते लिहायचं. मी लिहिते. पण मला वाटतं, त्याला घरी जायचं असतं तेव्हाच तो हे म्हणतो. मी लक्ष दिलं नाही की टेबलावर डोकं आपटतो. त्यातच या थेरपीतून गेलेल्या, आता मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांनी तिच्या त्रासाबद्दल लिहिलेलं वाचलं आणि झोप उडाली. हे शास्त्र शिकू की नको? शिकायचं तर कुठे?

– एक शॅडो टीचर, डोंबिवली

*

अगं,

तुझं पत्र तीनदा वाचलं. कर्जाचं, कोर्सचं सगळं सांगते. पण आधी त्या मुलाबद्दल बोलू दे, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तू त्याच्याबद्दलच्या त्या चार ओळींत स्वतःच लिहिलं आहेस.

तो ते वाक्य कधी म्हणतो हे तू पाहिलंस. कोणी ऐकलं नाही की पुढे काय होतं, तेही पाहिलंस. बिहेवियर ॲनालिसिसची सुरुवात इथूनच होते: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यानंतर त्याच्या पदरात काय पडलं. वागण्याला काहीतरी काम असतं. कोणाचं तरी लक्ष हवं असतं, एखादी वस्तू हवी असते, नकोशा गोष्टीतून सुटायचं असतं, किंवा ती हालचाल, तो आवाज शरीराला बरा वाटत असतो. १९८२ साली ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे पद्धतशीरपणे तपासून दाखवलं. वरून सारखंच दिसणारं वागणं वेगवेगळ्या मुलांसाठी वेगवेगळं काम करत होतं. पुढे १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी त्याच्या पुढची गोष्ट दाखवली. तेच काम करून देणारे साधे शब्द मुलाला शिकवले, आणि मोठ्यांनी त्या शब्दांना दाद दिली, की त्रासाचं वागणं कमी होतं.

आता तुझ्या मुलाकडे बघ. त्याच्याकडे शब्द आधीच आहेत! नाहूर सुटलं की गाडीत हे वाक्य ऐकू येतं आणि नंतर घर येतं, हे त्यानं स्वतःचं स्वतः जोडलं. घरी जायचं असताना आपल्याजवळचं सगळ्यात नेमकं वाक्य तो वापरतो आहे. ते ऐकायचं नाही असं ठरलं, तेव्हा त्याच्या हातात उरलं काय, तर टेबल. डोकं आपटलं की सेशन थांबत असणार, नाही का? म्हणजे बोलून काही मिळत नाही, आपटून मिळतं, हा धडा त्याला रोज दिला जातो आहे. कोणाच्या मनात वाईट नसेल, पण घडतंय तेच.

मी त्याला पाहिलेलं नाही, त्यामुळे माझा अंदाज खरा मानू नकोस. तपासून बघ. आठवडाभर तो ते वाक्य म्हणाला की घड्याळ बघ आणि त्याआधी काय चाललं होतं ते एका शब्दात लिही: अवघड काम, शेजारच्या खोलीतला आवाज, भूक. एखादं वाक्य तो नुसतं स्वतःला शांत करायलाही म्हणत असेल. तसं असेल तर ते थांबवायचं कारणच नाही. पण ‘घरी जाऊ’ असा अर्थ निघाला, तर ते ऐक. ‘हो, मुलुंडला जायचंय, अजून दोन कार्डं, मग चल’ असं म्हण आणि दोन म्हणजे दोनच कर. हळूहळू ‘चल’ हा शब्द त्याच्या शेजारी ठेव, म्हणजे लोकलमधल्या त्या आवाजाची ओळख नसलेल्या माणसालाही त्याचं म्हणणं कळेल. त्याचं वाक्य मात्र काढून घेऊ नकोस. आणि डोकं आपटणं वाढलं असेल तर आईबाबांना सांगून एकदा डॉक्टरांना दाखवायला लाव. दात, कान, पोट यांतलं काहीतरी दुखत असलं की बोलता न येणारी मुलं कित्येकदा हेच करतात.

हे मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण याच्या उलट मी स्वतः केलेलं आहे. तीसेक वर्षांपूर्वी मी या कामात नवी होते. पाच वर्षांचा एक मुलगा आनंद झाला की दोन्ही हात पाखरासारखे हलवायचा. माझं काम ते थांबवण्याचं. ‘हात खाली’ म्हणायचं, हात मांडीवर गेले की चिक्कीचा तुकडा द्यायचा. दिवसाला शंभर वेळा तरी म्हटलं असेन. चार महिन्यांत हात थांबले. माझा आलेख सरळ खाली उतरला, त्याच्या आईनं पेढे आणले, आणि मला वाटलं, आपल्याला हे काम जमतं. सतरा वर्षांनी तो मला एका लग्नात भेटला. उंच, देखणा, चार वाक्यं नीट बोलला. पंगतीची वाट पाहत आम्ही शेजारी बसलो होतो, आणि पूर्ण वेळ त्याचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. सनई सुरू झाली, त्याचा चेहरा फुलला, तरी हात बाहेर आले नाहीत. मी जेवले नाही त्या दिवशी. ते हात कोणालाही त्रास देत नव्हते. ते थांबवून त्याचं काय भलं झालं, हा प्रश्न मला त्या चार महिन्यांत कोणी विचारला नव्हता आणि मीही विचारला नव्हता.

म्हणून तू वाचलेलं त्या ऑटिस्टिक माणसांचं लिखाण बाजूला सारू नकोस. तोही अभ्यासक्रमच आहे, किंबहुना पहिला. या शास्त्राचा इतिहास स्वच्छ नाही, आणि तो माहीत असलेला बरा. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इवार लोवास यांनी एक अभ्यास छापला: १९ लहान मुलं, आठवड्याला ४० तास थेरपी, त्यातली ९ मुलं पुढे सर्वसाधारण शाळेत आणि सर्वसाधारण बुद्ध्यांकात बसली. आजही सेंटरवाले पालकांना ‘आठवड्याला चाळीस तास’ सांगतात, त्याचं मूळ इथे आहे. पण कोणतं मूल कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, हे सहसा सांगितलं जात नाही. आणि त्या थेरपीत जोरात ‘नो’ ओरडणं आणि क्वचित मांडीवर चापटी मारणंही होतं, हे तर अजिबातच नाही. त्वचेला विजेचे झटके देऊन वागणं बदलण्याला आमचा विरोध आहे, असं या क्षेत्रातल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं अधिकृतपणे म्हटलं ते २०२२ साली. इतका उशीर.

पण याच शास्त्राच्या पायात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती मला धरून ठेवते. १९६८ मध्ये डोनाल्ड बेअर, मॉन्ट्रोज वुल्फ आणि टॉड रिझली यांनी उपयोजित वर्तन विश्लेषण (इंग्रजीत एबीए, म्हणजे या शास्त्राचा प्रत्यक्ष वापर) कशाला म्हणायचं ते लिहून ठेवलं. बदल माणसाच्या जगण्यात महत्त्वाचा असला पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. दहा वर्षांनी वुल्फ यांनीच पुढे लिहिलं की तुमचं ध्येय, तुमची पद्धत आणि तुमचा निकाल ज्यांच्यासाठी आहे, त्यांना ते पटतंय का हे विचारायला हवं. माझ्या ‘हात खाली’ला ही कसोटी लावली असती, तर पहिल्याच दिवशी ते नापास झालं असतं.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शिक. नीट, खोलात, चांगल्या माणसाच्या हाताखाली शिक. न शिकलेल्या माणसाच्या हातात हेच तंत्र जास्त घातक होतं. मुंबईत ‘एबीए थेरपिस्ट’ अशी पाटी लावायला काय लागतं, हे तीन वर्षांत तूही पाहिलं असशील. चाळीस तासांचं प्रशिक्षण ही टेक्निशियनची पहिली पायरी आहे. तेवढ्यावर कार्यक्रम आखायचा नसतो, आखलेला कार्यक्रम कोणाच्या तरी देखरेखीखाली राबवायचा असतो.

आता कुठे, ते बघू.

अमेरिकेतल्या मास्टर्सचा मोठा उपयोग म्हणजे बीसीबीए, ‘बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्ट’, हे प्रमाणपत्र. त्यासाठी मास्टर्स, ठरलेले विषय, सुपरव्हिजनखाली साधारण २,००० तासांचं प्रत्यक्ष काम आणि मग परीक्षा. तिथे नोकरी करायची तर याला फार किंमत आहे, बहुतेक राज्यांत परवानाही यावरच मिळतो. पण ते देणाऱ्या मंडळानं १ जानेवारी २०२३ पासून मोजके देश सोडून बाकीच्या देशांत राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेणं बंद केलं, आणि भारत त्या बाकीच्यांत आहे. म्हणजे डोंबिवलीत बसून ऑनलाइन मास्टर्स केलंस तरी ते प्रमाणपत्र हातात येणार नाही. हे ठाऊक नसताना फी भरलेल्या दोन मुली माझ्याकडे रडत आल्या होत्या. इथे राहून मिळू शकतील अशी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रं आहेत, आयबीएओचं आणि क्यूएबीएचं. त्यांचा अभ्यास चांगला आहे, सुपरव्हिजनची अटही आहे. पण भारतीय कायद्याच्या दृष्टीनं त्यांनी तू नोंदणीकृत होत नाहीस.

आणि नोंदणीचा प्रश्न तुझ्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण तुला इथेच, स्वतःचं काही उभं करायचंय. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार अपंगत्वाच्या क्षेत्रात पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करायला केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं, नाहीतर एक वर्षापर्यंतची कैद किंवा दंड अशी शिक्षा त्यात लिहिलेली आहे. त्या परिषदेच्या यादीत विशेष शिक्षक आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, स्पीचवाले आहेत. बिहेवियर ॲनालिस्ट नाहीत. २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी वेगळा राष्ट्रीय कायदा आला, त्याच्या अनुसूचीत बिहेवियरल ॲनालिस्ट हे पद आलं आहे. दार किलकिलं झालंय म्हणू. पण किलकिल्या दारावर बाबांचं घर लावू नकोस.

तुझ्या जागी मी असते तर आधी विशेष शिक्षणाचं बीएड केलं असतं, पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं, जमलं तर ऑटिझम हाच विषय घेऊन. एसएनडीटीच्या जुहूच्या आवारात विशेष शिक्षणाचा विभाग आहे, तिथे जाऊन समोरासमोर चौकशी कर. फोनवर अर्धवट कळतं. डोंबिवलीहून जुहू म्हणजे जाऊन-येऊन चार तास, मला माहीत आहे. पण ते चार तास राहत्या घरापेक्षा स्वस्त आहेत. यातून नोंदणी क्रमांक मिळेल आणि उद्या सेंटर काढलंस तर ते स्वतःच्या नावावर काढता येईल. त्यानंतर, किंवा शेवटच्या वर्षापासून, बिहेवियर ॲनालिसिसचे मास्टर्स पातळीचे विषय ऑनलाइन घे. तोवर तुझे प्रश्न इतके टोकदार झालेले असतील की त्या अभ्यासातून तू आजच्या दुप्पट शिकशील. मधल्या काळात मुलांच्या विकासाबद्दल व्यापक समज यावी म्हणून ‘उम्मीद’सारख्या संस्थेची प्रशिक्षणंही बघ. २००१ पासून ही संस्था मुंबईत हे काम करते आहे, आणि कुटुंबाला बरोबर घेऊन चालण्यावर तिचा भर आहे.

तिकडेच स्थायिक व्हायचं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. तसं मन झालं तर पुन्हा लिही. त्यात काही चूक नाही.

कोर्स कोणताही असो, सुपरवायझर कोण आहे ते बघितल्याशिवाय पैसे भरू नकोस. विद्यापीठाचं नाव मोठं असेल, पण तुझा हात घडणार आहे तो या माणसाच्या नजरेखाली. त्याला किंवा तिला भेट आणि एकच विचार: ‘मुलानं नको म्हटलं, तर तुम्ही काय करता?’ उत्तर ऐक. ‘नको म्हणणं हळूहळू कमी करतो’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघून ये. ‘बघतो, का नको ते. काम सोपं करतो, थांबतो, नको कसं म्हणायचं तेही शिकवतो’ असं कोणी म्हणालं, तर तिथे टिकून राहा.

आणि हे शिकवण्यासाठी मराठीसारखी भाषा नाही. इंग्रजीत एकाच ‘नो’वर सगळं चालतं: हे खरं नाही, इथे ते नाही, मला ते नकोय. आपल्याकडे ‘नाही’ वेगळं आणि ‘नको’ वेगळं. दोन अक्षरांत मूल स्वतःची मर्जी सांगून मोकळं होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आता चार शब्द सगळ्यात आधी शिकवते: दे, नको, चल, थांब. बोलता येत नसेल तर चित्रांनी, खुणेनं, टॅबवर. रंग आणि आकडे नंतर येतात. या चार शब्दांवर मूल पंगतीत, बागेत, लोकलच्या गर्दीत निभावून नेतं. मुंबईतल्या सेंटरांमध्ये मालवणी आजीच्या नातवाला ‘सिट डाऊन’, ‘गुड जॉब’, ‘वॉट डू यू वाँट’ शिकवलेलं मी पाहते आणि अस्वस्थ होते. मूल तास संपवून घरी जातं आणि घरात त्या भाषेत कोणी बोलतच नाही. तुझ्या मनातलं मराठी घरांसाठीचं काम म्हणून मला इतकं मोलाचं वाटतं. मराठीत या मुलांसाठी सामान फार कमी आहे, ते तुला स्वतः बनवावं लागेल. आजच वही घाल.

एक शब्द मात्र जपून वापर. कायद्यात आणि सरकारी कागदावर ‘स्वमग्नता’ आहे, तिथे तो लिहावाच लागेल. पण हे मूल स्वतःत मग्न आहे, असं त्यातून वाटतं. तुझ्या त्या मुलानं अख्ख्या मध्य रेल्वेतून नेमकं एक वाक्य उचलून तुझ्यापुढे ठेवलं. त्याला मी स्वमग्न कसं म्हणू? मी ऑटिस्टिकच म्हणते. मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं बरीचशी स्वतःसाठी हाच शब्द वापरतात.

सध्याच्या सेंटरचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण तेही मनात असणारच. लगेच सोडू नकोस. आठवड्याभराच्या नोंदी घेऊन वरिष्ठांकडे जा. भांडायला नको, ‘मला असं दिसलं, आपण बघूया का’ म्हणून जा. चांगली माणसं असतील तर कार्यक्रम बदलतील. ‘सांगितलंय तेवढं कर’ असं उत्तर आलं, तर महिन्याची नोटीस दे आणि दुसरीकडे लाग. जाण्याआधी त्या वाक्याचा अर्थ आईबाबांना नीट समजावून सांग. तो अर्थ तुझ्याबरोबर सेंटरबाहेर गेला आणि त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, असं व्हायला नको.

घर तारण ठेवायचं नाही, हे बाबांना आज रात्रीच सांग. जेवण झाल्यावर, शांतपणे. तू जाणार नाहीस म्हणून त्यांना वाईट वाटेल. तेव्हा बीएडची फी ते भरू शकतील का, असं विचार. त्यांना तुझ्यासाठी काहीतरी करायचंय, आणि हे त्यांना झेपेल.

तुझी,
ताई